प्लेटलेट्स उतरल्या, मग चढवल्या का नाहीत?

प्रश्न : माझे सासरे न्यूमोनियामुळे अतिदक्षता विभागात आहेत. दाखल केले तेव्हा त्यांच्या प्लेटलेट्स २,१०,००० होत्या आणि पाचव्या दिवसापर्यंत तेवढ्याच राहिल्या. आठव्या दिवशी मात्र त्या ८०,००० वर आल्या. डेंग्यू नाही. पेशी चढवण्याऐवजी डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासूनचे हेपॅरिन बंद करून रक्त पातळ करणारे दुसरे औषध सुरू केले. हे कसे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण कळवलेल्या आकड्यांपेक्षा त्यांचे दिवस अधिक बोलके आहेत. अतिदक्षता विभागात प्लेटलेट्स घटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. पण ती घट बहुधा सुरुवातीच्या तीन-चार दिवसांतच दिसते. टिकून असलेला आकडा हेपॅरिन सुरू केल्यानंतर पाच ते दहा दिवसांत निम्म्याहून खाली आला, तर संशय आधी हेपॅरिनवरच जातो.

हेपॅरिनमुळे प्लेटलेट्स घटण्याच्या या विकारात हेपॅरिन आणि प्लेटलेट्समधील एक प्रथिन यांच्या संयुगाविरुद्ध शरीर प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार करते, ती प्लेटलेट्सना चेतवतात आणि त्यातून रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ लागतात. त्यामुळे पेशी कमी असूनही खरी भीती रक्तस्रावापेक्षा गुठळीची असते. म्हणूनच रक्तस्राव नसताना पेशी चढवणे टाळतात आणि रक्त पातळ ठेवणारे दुसरे औषध द्यावेच लागते. शिरेतली नळी तुंबू नये म्हणून तीत सोडले जाणारे थोडेसे हेपॅरिनही बंद करावे लागते, आणि नेमके तेच नजरेतून सुटते.

प्रतिपिंडांची तपासणी नकारात्मक आली तर हे निदान बहुतांशी मागे पडते. सकारात्मक आली म्हणून मात्र तेवढ्यावरच ते पक्के होत नाही. दरम्यान रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला असावा. नमुन्याच्या बाटलीत रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीए या रसायनामुळे कधीकधी प्लेटलेट्सचे पुंजके होतात आणि यंत्र त्या कमी मोजते. अशा वेळी त्याऐवजी सायट्रेट हे रसायन असलेल्या बाटलीत नमुना घेऊन फेरमोजणी करतात. त्याच काचपट्टीवर तुटक्या तांबड्या पेशी दिसल्या, तर कारण वेगळेच असू शकते आणि तपासाची दिशाच बदलते. लिनेझोलिडसारखी प्रतिजैविके चालू असतील तर त्यांचाही विचार होतो, मात्र त्यांचा परिणाम बहुधा दहा-बारा दिवसांनंतर दिसतो.

एका पायाला सूज आली, बोटे काळीनिळी दिसली किंवा अचानक दम वाढला, तर तत्काळ सांगावे. निदान पक्के झाल्यास डिस्चार्ज कार्डावर ‘हेपॅरिन देऊ नये’ अशी ठळक नोंद करून घ्यावी.