परवानगीशिवाय सरकारी सिस्टीमला हात लावू नकोस

'नुसतं बघायला आत शिरलो' हा बचाव कोर्टात टिकेल असं समजू नकोस. गॅरी मॅकिनन हा ब्रिटिश हॅकर २००१-०२ मध्ये अमेरिकी लष्कराच्या कम्प्युटरांत शिरला. परग्रहवासीयांचे पुरावे शोधत होतो, असं तो सांगायचा. नुकसान केल्याचा आरोपही होता. प्रत्यार्पणाची टांगती तलवार २०१२ पर्यंत डोक्यावर राहिली. दहा वर्षं! कुतूहलापायी उमेदीचा काळ असा जाणं मला अन्यायाचं वाटतं. मात्र लोकांची माहिती विकणाऱ्याला कडक शिक्षा हवीच, तिथे दयामाया नको.

हात शिवशिवत असतील तर रीतसर वाट आहे. २०१६ मध्ये पेंटागॉननेच, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्यानेच, हॅकरांना बोलावून आपल्या सिस्टीममधल्या त्रुटी शोधल्याबद्दल बक्षिसं दिली. अशा ठिकाणी आधी नियम नीट वाच. त्रुटी सापडली की तिथेच थांब, डेटा उतरवू नकोस, लगेच कळव.