मिशनच्या शाळेत धर्मशिक्षण होतेच, मग रविवारचा वर्ग कशासाठी?

आपण विचारले आहे की मुलगा पाचवीपासून तालुक्याच्या मिशनच्या शाळेत जातो, चर्च गावापासून लांब आहे, रविवारी बस मिळत नाही. तेव्हा शाळेतल्या धर्मशिक्षणावर भागेल का, आणि चर्चमधला कॅथलिक मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग दहावीपर्यंत चालू ठेवणे खरोखर आवश्यक आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘भागणार नाही’ असे आहे. हाच प्रश्न माझ्या सासरी एकेकाळी फार चढ्या आवाजात विचारला गेला होता, त्यामुळे माझे उत्तर लांबणार आहे.

शाळेच्या फाटकावर क्रूस आहे आणि मुख्याध्यापिका सिस्टर आहेत, एवढ्यावरून आत धर्मशिक्षण चालते असे आपल्याकडे सर्रास गृहीत धरले जाते. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या मिशनच्या शाळांत बहुसंख्य मुले हिंदू, बौद्ध आणि मुस्लिम घरांतली असतात. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. पण शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, असे कलम २८ सांगते, आणि ते योग्यच आहे. म्हणून सकाळची प्रार्थना सर्वांना म्हणता येईल अशी ठेवतात आणि वेळापत्रकात मूल्यशिक्षणाचा तास असतो. त्या तासात खरे बोलावे, वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा, पाणी वाया घालवू नये, हे शिकवले जाते. हे सगळे चांगलेच आहे, पण त्यातून मुलाला साक्रामेंत, म्हणजे बाप्तिस्म्यासारखा चर्चचा पवित्र संस्कार, काय असतो ते कळत नाही. कॅथलिक मुलांना त्या वेळी वेगळ्या वर्गात बसवून कॅटेकिझम (चर्चच्या श्रद्धेचे शिक्षण) शिकवणाऱ्या शाळा आहेत. मात्र तो तास बहुधा एखाद्या सिस्टरच्या उत्साहावर चालतो, आणि तिची बदली झाली की तास गणिताला जातो.

आमच्या बाबतीत नेमके हेच घडले. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, शेतकरी, शिकलेले आणि पॅरिश कौन्सिलवर (आमच्या चर्चच्या विभागाच्या समितीवर) होते. त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच वर्गात, तालुक्याच्या मिशनच्या शाळेत शिकत होती. आमच्या गावात कॅथलिकांची मोजकी घरे आहेत. मिस्सेला (चर्चच्या मुख्य उपासनेला) फादर महिन्यातून एकदाच येत आणि एरवी आम्हीच तालुक्याला जात असू. भासऱ्यांचे म्हणणे असे की मुले आठवडाभर सिस्टरांच्या हाताखाली असतात, मग सुटीच्या दिवशी पुन्हा तेच शिकायला एवढ्या लांब कशाला पाठवायचे. कापूस वेचणीच्या दिवसांत तर त्यांचा मुलगा रविवारी वावरातच असे. मी मात्र मुलीला संध्याकाळी घरी घेऊन बसत असे, कारण शाळेत काय होते हे मी तिच्या वह्या उघडून पाहिले होते आणि कॅटेकिझमची वही कधीपासूनच कोरी होती.

दोघेही आठवीत असताना दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करणाऱ्या साक्रामेंताची, तारीख ठरली. बिशप येण्याआधी फादर मुलांची तोंडी परीक्षा घेतात, हे आपल्याला माहीत असेलच. फादरांनी भासऱ्यांच्या मुलाला पवित्र आत्म्याची सात दाने विचारली, त्याला एकही सांगता आले नाही. मग प्रेषितांचा विश्वासदर्शक, म्हणजे श्रद्धा जाहीर करणारी प्रार्थना, म्हणायला सांगितला, तो त्यातल्या पोन्ती पिलाताच्या नावापाशी अडला. मुलगा मुळीच मंद नव्हता, स्कॉलरशिपच्या परीक्षेत तो आला होता. माझ्या मुलीने सातही दाने सांगितली, आणि ती सांगितल्याचा मला तेव्हाही अभिमान वाटला आणि आजही वाटतो. फादरांनी मुलाला पुढच्या खेपेपर्यंत थांबायला सांगितले. इकडे मांडव ठरलेला, नागपूरच्या पाहुण्यांना निरोप गेलेले. भासरे घरी येऊन गरजले, “शाळेची फी काह्यासाठी भरतो मंग?” मी आतून म्हटले की फी गणिताची आणि इंग्रजीची भरता, बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेल्या वचनाची फी नसते. घरातल्या सुनेने भासऱ्यांना असे उत्तर देण्याची आमच्याकडे रीत नव्हती आणि त्यानंतर आमच्यात बरेच दिवस बोलणे नव्हते. त्यांनी शाळेकडे लेखी तक्रार केली. उत्तर असे आले की शिकवणाऱ्या सिस्टरची बदली झाल्यापासून तो तास बंद आहे आणि हे पालकसभेत सांगितले होते. पालकसभेला आमच्या घरातून मीच तेवढी जात असे.

इथे मी शाळेला दोष देत नाही, कारण जबाबदारी मुळात शाळेची नव्हतीच. चर्चच्या १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, कलम ७७४ आहे. त्यात म्हटले आहे की मुलांना शब्दाने आणि आचरणाने श्रद्धेत घडवण्याचे बंधन सर्वांत आधी आईवडिलांवर आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिक्षणावर जो जाहीरनामा काढला, त्यातही आईवडिलांनाच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. पॅरिश त्यांना मदत करते, शाळा जमल्यास हातभार लावते. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला आहे: शाळेवर सगळा भार टाकायचा, पॅरिशवर उरलेला, आणि घरी नाताळच्या करंज्या तळायच्या.

आता कोणत्या वयात काय शिकवावे, हे थोडक्यात सांगते. कॅनन लॉप्रमाणे सात वर्षे पूर्ण झाली की मुलाला बरेवाईट समजते असे धरतात. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये याच वयाच्या सुमारास पहिले कम्युनियन (मिस्सेतली भाकर, जिला ख्रिस्ताचे शरीर मानतात) द्यावे असे ठरवून दिले. त्याआधी मुलांना दहा-बारा किंवा त्याहून अधिक वर्षांपर्यंत थांबवत असत. म्हणजे तिसरी-चौथी हे योग्य वय आहे. जेवणासाठी बकऱ्याचे आणि पांढऱ्या झग्याचे पैसे जमेपर्यंत मूल सहावीत जाऊ देणारे पालक मी पाहिले आहेत, आणि ते मला मुळीच पटत नाही. या पहिल्या वर्षांत पाठांतर करून घ्यावे. नवे धर्मशिक्षक गाणी, चित्रे आणि खेळ यांवर भर देतात, त्याला माझी हरकत नाही. पण दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, नमो मारिया, विश्वासदर्शक आणि पश्चात्तापाची प्रार्थना तोंडपाठ नसेल, तर पुढे समजावून सांगायला काही हाताशी राहत नाही. माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, तरी जपमाळेची सगळी रहस्ये आणि मारियेची लितानी त्यांना मुखोद्गत होती. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी या प्रार्थना मराठीतच शिकवाव्यात, म्हणजे घरात आजीबरोबर बसून म्हणता येतात.

दृढीकरणाच्या वयाबाबत मात्र आपण कोणत्या धर्मप्रांतात राहता ते पाहावे लागेल, आणि प्रश्नात आपण ते लिहिलेले नाही. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा (१९५३ पासून महाधर्मप्रांत) आणि अमरावतीचा १९५५ चा. हे दोन्ही लॅटिन विधीचे (रोमन परंपरेचे) आहेत, तिथे दृढीकरण साधारण बारा-चौदाव्या वर्षी होते. चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा या जिल्ह्यांतले काम सिरो-मलबार चर्चच्या (केरळातल्या पौर्वात्य परंपरेच्या कॅथलिक चर्चच्या) चांदा धर्मप्रांताकडे आहे, १९६२ मध्ये ते त्यांच्याकडे सोपवले गेले. पौर्वात्य परंपरेत बाप्तिस्म्याबरोबरच तैलाभिषेक करून दृढीकरण देतात. तेव्हा वर्ध्याच्या मावसभावाचे दृढीकरण झाले आणि आपल्या मुलाचे का झाले नाही, असा वाद घालू नये.

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे दहावीपर्यंत वर्ग चालू ठेवावा का यावर, माझे मत अगदी ठाम आहे. दृढीकरण झाले की आमच्याकडे धर्मशिक्षणाचा टी. सी. काढला जातो. त्या प्रसंगानंतर भासऱ्यांनी पॅरिश कौन्सिलमध्ये ठराव मांडला की बोर्डाचे वर्ष लक्षात घेता नववी-दहावीचा रविवारचा वर्ग बंद करावा, आणि तो मंजूरही झाला. त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हा नववीत गेला होता, हे सांगायला नकोच. माझ्या मते प्रश्न पडायला सुरुवात होते तेव्हाच वर्ग बंद करणे म्हणजे पऱ्हाटीला (कपाशीला) बोंडे धरली की पाणी तोडणे आहे. तेरा-चौदा वर्षांचे मूल वर्गमित्रांच्या घरी जाते. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत चालते, पोळ्याला बैल पाहायला जाते, आणि मित्र त्याला विचारतात की तुम्ही भाकर खाऊन देव खाल्ला असे का म्हणता. तिसरीत पाठ केलेले उत्तर तिथे पुरत नाही. त्याच वयात नववी-दहावीच्या विज्ञानात मेंडेलचे वाटाणे येतात. ग्रेगोर मेंडेल हा ऑगस्टिनियन मठातला संन्यासी होता आणि ते वाटाणे त्याने मठाच्या बागेतच लावले होते, हे शाळेत क्वचितच सांगतात. विश्व प्रसरण पावते हा विचार १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. विज्ञान शिकले की चर्च सोडावे लागते, असा समज घेऊन आमच्याकडची मुले पुण्या-मुंबईला जातात, कारण त्यांचे धर्मशिक्षण आदाम आणि हव्वेपाशीच थांबलेले असते.

वर्ग बंद झाला तेव्हा मी माझ्या मुलीसाठी आणि शेजारच्या दोन-तीन घरांतल्या मुलांसाठी आमच्या छपरीत शनिवारी संध्याकाळी बसायला सुरुवात केली. आम्ही दुसऱ्या दिवशीचे शुभवर्तमान वाचत असू. मिस्सेतल्या रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र असते, एका वर्षी मुख्यत्वे मत्तय, एका वर्षी मार्क आणि एका वर्षी लूक, त्यामुळे वेगळे पुस्तक विकत घ्यावे लागत नाही. तिथे मुलांनी प्रश्न विचारायचे, आणि मला उत्तर आले नाही तर ते कागदावर लिहून फादरांकडे पाठवायचे. भासऱ्यांचा मुलगा त्यात नसे, तो ट्यूशनला जाई. तो पुढे इंजिनिअर झाला, चांगले कमावतो, आणि त्याच्या मुलीचे पहिले कम्युनियन ठरले तेव्हा मुलीला काय शिकवायचे हे विचारायला त्याने वडिलांना फोन न करता काकूला केला. पापनिवेदनाआधी विवेकाची तपासणी कशी करतात, हे मी त्याला फोनवरच सांगितले.

अंतराची आपली अडचण खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे पूर्ण उपाय नाही. आमच्या घरी मोटारसायकल होती, मला वाचता येत होते, आणि नवऱ्याने आडकाठी केली नाही. मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावर मजुरीला जाणाऱ्या आईबापांना हेच सांगणे मला शोभणार नाही. आईवडिलांपैकी एक जण कॅथलिक नसेल तर घरची बाजू सांभाळूनच चालावे लागते. अशा लग्नाच्या वेळी कॅथलिक जोडीदाराकडून मुलांना श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन घेतात, त्यातला ‘शक्य ते’ हा भाग विसरू नये. शिवाय तुमच्या शाळेत आजही एखादी मन लावून शिकवणारी सिस्टर असेल, तर माझे वरचे बोलणे तुमच्या शाळेपुरते मागे घ्यावे. पण आधी मुलाची वही उघडून पाहावी.

वर्षाचे गणित मात्र शेतीकडे पाहूनच बसवावे. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, पण तेव्हा सोयाबीनची सोंगणी असते. आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) वेचणीत जातो, आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात हरभरा, गहू आणि बोर्डाची परीक्षा एकत्र येतात. म्हणून दर रविवारचा हट्ट सोडून फादरांना असे विचारावे की महिन्यातून एक रविवार चर्चमधला वर्ग, बाकीचे शनिवार घरी, आणि एप्रिल-मेच्या सुटीत सलग आठवडाभर उजळणी, एवढे केले तर मुलाचे नाव वर्गाच्या हजेरीत राहील का. समंजस फादर याला नाही म्हणणार नाहीत. भेटायला मात्र रविवारी जाऊ नये, त्या दिवशी ते मिस्सेसाठी गावोगाव फिरत असतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावे, मुलाला बरोबर न्यावे आणि त्याच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत जवळ ठेवावी, कारण दुसऱ्या पॅरिशमध्ये बाप्तिस्मा झाला असेल तर दृढीकरणाच्या वेळी ती मागतातच.