"पोरं सांभाळायला कसलं आलंय करिअर?"

धायरीहून एका आईने विचारलंय: मुलगी बारावी कला शाखेत आहे आणि तिला बालवाडीत काम करायचंय. वडिलांचा विरोध आहे. शीर्षकातलं वाक्य त्यांचंच. सहा महिन्यांच्या खासगी कोर्सला 40 हजार भरावेत का?

ताई,

तूर्त एक रुपयाही भरू नका. आधी मुलीला ओळखीच्या बालवाडीत पंधरा दिवस मदतीला जाऊ द्या. तेही गॅदरिंगच्या दिवसांत नको, जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा. एक पोर दाराची कडी सोडत नाही, दुसऱ्याची चड्डी ओली झालीय, तिसरा शेजारच्याच्या दंडाला चावलाय. या गोंधळात, कोपऱ्यात शहाण्यासारखी बसलेली मुलगी दोन दिवस एक शब्दही बोललेली नाही, हे वर्गावरच्या ताईंच्या लक्षात यावं लागतं. मिस्टरांना सांगा, शिक्षण लागतं ते यासाठी. (या कामात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडकांना 1962 साली पद्मभूषण मिळालं, हेही जाता जाता कानावर घाला.)

तिथे मन रमलं तर कोर्सचं बघू. एनसीटीईच्या (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या) मान्यतेचा डीपीएसई हा पूर्वप्राथमिक शिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम बारावीनंतर दोन वर्षांचा आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा बालशिक्षणाचा डिप्लोमा घरी राहून किमान वर्षभरात होतो, म्हणजे बीए चालू ठेवता येईल. पदवी सोडू नये असं माझं ठाम मत आहे. मानसशास्त्र घेतलं तर उत्तमच. खासगी संस्थेत जायचंच असेल, तर मान्यता कोणाची आणि मुलांसोबत प्रत्यक्ष सराव किती दिवस, हे आधी विचारा. नुसते तक्ते नि मुखवटे करायला शिकवणाऱ्या संस्था गल्लोगल्ली आहेत. पुढे पहिलीच्या वर्गावर जावंसं वाटलं, तर मात्र डीएलएड (प्राथमिक शिक्षकांची पदविका) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागेल.

कामाला तोटा नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडीही त्यात आली. शिवाय 2017 पासून 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना पाळणाघराची सोय करावी लागते, त्यामुळे हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांकडे डे-केअरमध्येही जागा निघतात.

पगाराचं मात्र स्पष्ट सांगते: सुरुवातीला तो कमीच असतो. नोकरी धरताना नेमणूकपत्र मागायचं, आणि मे महिन्याचा पगार मिळतो का, हे न लाजता विचारायचं. पुष्कळ ठिकाणी तो मिळत नाही.