छेदातून गळालेली माणसं

अमेरिकेतला तुरुंगवास आणि तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांचा रोजगार, या विषयावरच्या प्रश्नांचा हा दुसरा हप्ता. पहिल्यानंतरही बेरोजगारीच्या दरात कैदी मोजले जातात का, हाच गोंधळ घेऊन पत्रं येत आहेत, म्हणून खालचं दुसरं उत्तर लांबलं आहे.

प्रश्न : ‘जेल’ आणि ‘प्रिझन’ यांत फरक आहे का?

आहे. जेल सहसा काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, असतं. खटला चालू असलेले आणि वर्षाच्या आतली शिक्षा झालेले तिथे. प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं, त्याहून मोठ्या शिक्षेसाठी.

प्रश्न : बेरोजगारीत गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यातलं अंतर घटल्याच्या बातम्या येतात. मग तुरुंगवासाचं एवढं काय घेऊन बसलात?

दर कशाला कशाने भागून काढला हे पाहिल्याशिवाय ती बातमी पुढे पाठवू नका. तिथली रोजगाराची मासिक पाहणी कुटुंबांची होते आणि ‘संस्थांबाहेर राहणाऱ्या नागरी’ लोकसंख्येपुरती असते. कैदी त्यात नाहीत, ना अंशात ना छेदात. शिवाय बेरोजगार म्हणून साधारणपणे तोच धरला जातो ज्याने गेल्या चार आठवड्यांत काम शोधलं. कंटाळून शोधणं सोडलेला तिथूनही बाद.

हिशेब करून पाहा. समजा, एका गटात 1000 तरुण आहेत. 100 तुरुंगात, बाहेरच्या 900 पैकी 630 कामावर. पाहणी म्हणेल, 70 टक्के कामावर. सगळे मोजले तर 63. दहा वर्षांनी 200 तुरुंगात, बाहेरच्या 800 पैकी 576 कामावर. पाहणी म्हणेल, 72 टक्के, सुधारणा झाली! प्रत्यक्षात 630 चे 576 झाले. काम करणारे 54 जण घटले आणि दर मात्र चढला, कारण ज्यांना काम मिळणं सगळ्यात अवघड, तेच उचलून छेदाबाहेर ठेवले गेले. पगाराचंही तसंच. बिनपगारी माणसं वगळली की उरलेल्यांची सरासरी फुगते, आणि कुणाचाही पगार एक डॉलरने वाढलेला नसतो.

समाजशास्त्रज्ञ ब्रूस वेस्टर्न आणि बेकी पेटिट हे वर्षानुवर्षं सांगत आले. अर्थशास्त्रात डेरेक नील आणि आर्मिन रिक यांनी 2014 च्या निबंधात कैद्यांनाही मोजणारे जनगणनेचे आकडे घेतले. 1940 ते 1980 या काळात दिसलेली कृष्णवर्णीयांची प्रगती पुढे, निदान पुरुषांच्या बाबतीत, चालू राहिली नाही, असं त्यांना आढळलं. 2008 च्या मंदीनंतर बहुतेक कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्यांच्या तुलनेत जिथे होते, ती जागा वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या जागेहून बरी नव्हती. तेव्हा कुठलाही दर हाती आला की आधी पाहणीची व्याप्ती वाचा. ती शेवटच्या पानांत असते, आणि बातमी लिहिणारा तिथवर सहसा पोचत नाही.

प्रश्न : तुरुंग भरले ते ड्रग्जच्या कायद्यांमुळेच ना?

ही ऐकीव गोष्ट, अर्धी खरी. 1986 च्या कायद्यात 5 ग्रॅम क्रॅकला (ओढण्याच्या खड्यांच्या रूपातलं कोकेन) जी पाच वर्षांची किमान शिक्षा, तीच 500 ग्रॅम भुकटी कोकेनला होती; हे 100 ला 1 प्रमाण 2010 मध्ये 18 ला 1 वर आलं. पण तो केंद्राचा कायदा. बहुसंख्य कैदी राज्यांच्या तुरुंगांत आहेत, आणि तिथले निम्म्याहून अधिक हिंसक गुन्ह्यांसाठी. नील आणि रिक दाखवतात की अटकेनंतरची शिक्षा सगळ्याच मोठ्या गुन्हेप्रकारांत कडक झाली. अटकेचं प्रमाण कृष्णवर्णीयांत आधीपासूनच जास्त, त्यामुळे फटका त्यांना जास्त बसला.

प्रश्न : नोकरीच्या अर्जावरचा ‘गुन्हा सिद्ध झाला आहे का?’ हा रकाना काढला तर?

कधीकधी उलटंच होतं. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी 2003 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला प्रयोग प्रसिद्ध केला. सारखीच पात्रता दाखवणाऱ्या तरुणांत गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्यांना 34 टक्के ठिकाणांहून पुढचं बोलावणं आलं, नोंद असलेल्या गोऱ्यांना 17 टक्के. नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयांना 14 टक्के, नोंद असलेल्यांना 5. म्हणजे निष्कलंक कृष्णवर्णीय हा शिक्षा भोगलेल्या गोऱ्याच्याही मागे.

पुढे अमांडा एगन आणि सोंजा स्टार यांनी न्यू जर्सी व न्यूयॉर्क शहरात सुमारे 15,000 बनावट अर्ज पाठवले. रकाना होता तेव्हा तो ठेवणाऱ्या कंपन्यांत गोऱ्या अर्जदारांना कृष्णवर्णीयांपेक्षा 7 टक्के जास्त बोलावणी येत. रकाना गेल्यावर 43 टक्के जास्त. माहिती काढून घेतली, संशय राहिला. मालक नावावरून अंदाज बांधू लागले. धोरण सुचवायचं असेल तर दोन्ही प्रयोग शेजारी ठेवून कामगार कायद्याच्या जाणकाराशी बोला.

प्रश्न : न्यू जर्सीत मुलावर दुकानातल्या किरकोळ चोरीची केस झाली होती. ‘नोंद कायमची पुसून देतो’ अशी जाहिरात पाहिली. पैसे भरू का? नागरिकत्वाच्या अर्जात हे सांगावं लागेल?

पैसे भरू नका. नोंद पुसण्याचा आदेश न्यायालयच देतं. ‘हमखास’ म्हणणाऱ्याच्या हातात काही नसतं. आणि राज्याने पुसलेली अटकही नागरिकत्वाच्या अर्जात सांगावी लागते. लपवाछपवी मूळ केसपेक्षा महाग पडते. अर्ज भरण्याआधी, भरल्यानंतर नव्हे, इमिग्रेशनच्या वकिलाला कागद दाखवा.

नोकरीसाठी पार्श्वभूमी तपासली जात असेल, तर त्या अहवालावरून नकार देण्याआधी कंपनीने अहवालाची प्रत द्यायलाच हवी. चुकीची नोंद दिसली तर तपासणी संस्थेकडे लेखी हरकत घ्या. फेरतपासणीला साधारण 30 दिवस असतात. उशीर केला तर जागा दुसऱ्याला जाते.

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधात सुटलेल्या कैद्यांच्या मिळकतीची इतरांशी तुलना केली. तुरुंगवासाचा परिणाम सिद्ध होतो ना?

होत नाही. तुरुंगात गेलेले आधीपासूनच वेगळे असतात. सारख्याच केसेस चिठ्ठी पडल्यासारख्या कडक किंवा सौम्य न्यायाधीशाकडे जातात, म्हणून संशोधक त्या फरकाचा उपयोग करतात. त्यातही उत्तर देशागणिक बदलतं. टेक्ससच्या हॅरिस काउंटीत मायकल म्युलर-स्मिथ यांना रोजगाराचं नुकसान दिसलं; नॉर्वेत आधी बेकार असलेल्यांचा रोजगार उलट वाढला, कारण तिथे आत प्रशिक्षण मिळतं. मार्गदर्शकांना भेटा, प्रबंध छापण्याआधी.

प्रश्न : हेच गणित महाराष्ट्राला लावता येईल?

जसंच्या तसं नाही. आपल्याकडे चारपैकी तीन कैदी न्यायाधीन, म्हणजे कच्चे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या नियमांत कच्चा कैदी त्याच्या घरच्या कुटुंबात मोजतात, शिक्षा झालेला मात्र पाहणीबाहेर. म्हणजे आपल्या छेदातली गळती वेगळ्या जागी आहे. जिल्ह्याचा आकडा काढायचा असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयात आधी एवढंच विचारा: घरी नसलेल्या त्या माणसाचं काम कोणत्या रकान्यात लिहिलं?