आरव्ही विकत घ्यायची, की सव्हाना बघायचं?

तुमच्या पत्राचा गोषवारा असा. अटलांटाजवळ अल्फारेटात भाड्याच्या टाउनहाउसमध्ये तुम्ही चौघं राहता. घरात एकच पगार, तोही एच-वन-बीवरचा. एप्रिलमध्ये नाशिकहून सासूबाई आणि सासरे तीन महिन्यांसाठी येताहेत. सासूबाईंना बाहेरचं खाणं चालत नाही, सासऱ्यांना मधुमेह आहे. तेव्हा आरव्ही, म्हणजे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घेऊन, स्वयंपाकघर सोबत घेऊनच जॉर्जियाच्या किनाऱ्याकडच्या सव्हाना शहरात जावं असं तुमच्या मनात आलं आणि तुम्ही डीलरकडे जाऊन आलात. गाडी क्लास सी, म्हणजे मधल्या आकाराची आरव्ही, किंमत 98,000 डॉलर. 20 टक्के रोख, बाकीचं कर्ज 15 वर्षांचं, 8 टक्के दराने, हप्ता 749 डॉलर. रोख रक्कम 24,000 डॉलरच्या शिलकीतून द्यायची आणि पुढे दरवर्षी पंधराएक रात्री गाडी वापरायची.

विकत घेऊ नका. भाड्याने घ्या आणि जरूर जा.

आधी हिशेब. डाउन पेमेंट 19,600. गाडी नावावर होतानाच जॉर्जियाचा 7 टक्के टायटल टॅक्स, 6,860. म्हणजे पहिल्या दिवशी साडेसव्वीस हजार डॉलर लागणार आणि तुमच्याकडे आहेत चोवीस. इथेच खरं तर उत्तर मिळतं. तरी पुढे बघू. पाच वर्षांत तुम्ही हप्त्यांपोटी सुमारे 45,000 भरता, त्यातले 28,300 नुसतं व्याज. कर्ज उरतं 61,750. तोवर गाडीला मूळ किमतीच्या 60 टक्के आले असं धरलं, तर मिळतील 58,800. गाडी विकूनही खिशातून तीन हजार घालावे लागतील. टाउनहाउसच्या असोसिएशनला दारात आरव्ही चालत नाही असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे बाहेर जागा भाड्याने घेणं आलं. ते भाडं, विमा आणि दुरुस्ती मिळून वर्षाला 4,200 धरले, तर पाच वर्षांचा निव्वळ खर्च जातो 95,000च्या पुढे. पंच्याहत्तर रात्रींनी भागा. एका रात्रीला जवळजवळ 1,270 डॉलर, पेट्रोल आणि कॅम्पसाइट वेगळे.

डीलरने ‘सेकंड होम’ म्हणून व्याजावर करसवलत मिळेल असं सांगितलं, ते खोटं नाही. गाडीत झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असेल तर नियमात बसतं. पण त्यासाठी वजावटी एकेक दाखवाव्या लागतात, आणि 2025 साठी नवरा-बायकोची प्रमाणित, म्हणजे काही न दाखवता सरसकट मिळणारी वजावटच 31,500 डॉलर आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची बेरीज सहसा तिथवर पोहोचत नाही. ही सवलत हिशेबात धरू नका.

मला खरी काळजी वाटते ती व्हिसाची. नोकरी गेली तर एच-वन-बीवर अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. त्या दोन महिन्यांत दुसरी नोकरी शोधायची, मुलांच्या शाळेचं बघायचं, आणि तेव्हाच किमतीपेक्षा जास्त कर्ज असलेली गाडी विकायची? आणि नेमकी त्या दिवसांसाठी ठेवलेली शिल्लक या गाडीतच अडकलेली असेल. ग्रीन कार्ड हातात असतं तरी मी ‘थांबा’ म्हटलं असतं, आज तर ठामपणे ‘नको’ म्हणते.

आता भाड्याचं. तुम्हाला मिळालेल्या कोटेशनप्रमाणे सात रात्रींचे 1,323, सहाशे मैलांचे 240, विमा 245, स्वच्छता आणि सामान 150. गाडी गॅलनला नऊएक मैल देईल, म्हणजे पेट्रोल साधारण 200. कॅम्पसाइट रात्रीला 60 धरली तर 420. कर सोडून एकूण 2,600 डॉलरच्या आसपास. शिलकीला हात न लावता आतापासून दरमहा बाजूला काढता येण्यासारखी ही रक्कम आहे.

मात्र बुकिंगआधी एक करा. गाडीचा आतला आराखडा मागवून घ्या. सहा जण झोपतात म्हणतात त्यातले दोघं ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बर्थवर, शिडीने चढून. तिथे मुलं जातील. सासू-सासऱ्यांना खालचा कायमचा बेड हवा, रोज रात्री टेबल मोडून करायचा नको. सीटबेल्टही सहा आहेत ना, मोजा.

आणि आरव्ही घेऊन सव्हानाच्या जुन्या भागात शिरू नका. 1733 मध्ये जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक ओगलथॉर्प याने आखलेलं ते शहर बागेसारख्या चौकाचौकांचं आहे. चोवीसपैकी बावीस चौक अजून आहेत, आणि रस्त्यांवर ओकच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात. गाडी स्किडअवे आयलंड स्टेट पार्कमध्ये लावा आणि तुमची मिनीव्हॅन मागोमाग आणा, एकाने ही चालवायची, एकाने ती. गावात ‘डॉट’ नावाची शहरबस फुकट, नदीवरची फेरीबोट फुकट, फोर्साइथ पार्कमधलं 1858 चं कारंजं फुकट. सकाळी पोळी-भाजी करून डबा घ्यायचा आणि चौकातल्या बाकावर बसून खायचा. सासूबाईंना याहून वेगळं काय हवंय? टायबी या समुद्रकाठच्या बेटावर जाताना भरतीची वेळ बघून निघा, हायवे 80 वर मोठ्या भरतीला पाणी येतं. वाटेत फोर्ट पुलास्की हा किल्ला आहे. 1862 मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, टायबीवरून डागलेल्या नव्या रायफल्ड (नळीत आतून आटे असलेल्या) तोफांनी त्याची विटांची भिंत दोन दिवसांत फोडली. त्या खुणा अजून दिसतात. सासऱ्यांना किल्ल्यांची आवड आहे असं लिहिलंत, त्यांना तिथे निवांत दोन तास द्या.

एक खर्च तुमच्या पत्रात कुठेच नाही, सासू-सासऱ्यांचा आरोग्य विमा. विमान सुटेल त्या दिवसापासून तो सुरू हवा. स्वस्त दिसणाऱ्या ‘फिक्स्ड बेनिफिट’ योजना प्रत्येक बाबीला ठरावीक रक्कमच देतात, वरचं बिल तुमच्यावर येतं. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ घ्या, आणि आधीपासूनचा आजार अचानक बळावला तर काय मिळतं, किती वयापर्यंत मिळतं, ते कलम सासऱ्यांचं वय समोर ठेवून वाचा. आरव्हीच्या बुकिंगआधी हे पैसे बाजूला काढा. पॉलिसीचा मसुदा पाठवलात तर पैसे भरण्याआधी मी वाचून देईन.