पौर्णिमेच्या चंद्रावरील पांढरे पट्टे

प्रश्न : पौर्णिमेला साध्या दुर्बिणीतून चंद्राच्या दक्षिण भागात एक तेजस्वी ठिपका आणि त्यातून चहूकडे पसरलेले पांढरे पट्टे दिसतात. ते पट्टे कशाचे आहेत?

उत्तर : आपण पाहिलेला ठिपका म्हणजे सुमारे ८५ किलोमीटर व्यासाचे टायको हे आघात-विवर होय. डेन्मार्कचे खगोलवेत्ते टायको ब्राहे यांचे नाव त्याला दिलेले आहे. सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी येथे एक अशनी, म्हणजे अवकाशातून आलेला प्रचंड खडक, आदळला आणि त्या आघाताने उडालेला खडकांचा चुरा शेकडो किलोमीटर दूरवर जाऊन पडला. तेच हे पट्टे. चंद्राच्या मानाने हे विवर अगदी तरुण असल्यामुळे सौरवाऱ्याच्या (सूर्याकडून सतत येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या) व सूक्ष्म अशनींच्या माऱ्याने तो चुरा अजून काळवंडलेला नाही. विवराच्या कडेभोवती मात्र एक गडद वलय दिसते, ते आघाताच्या उष्णतेने वितळून काचेसारख्या झालेल्या खडकाचे आहे. विवराच्या मधोमध सुमारे दोन किलोमीटर उंचीचा डोंगर आहे. दाबलेला तळ उसळून वर आला आणि तसाच थिजला. ‘सर्व्हेयर ७’ हे अमेरिकेचे मानवरहित यान १९६८ च्या जानेवारीत याच विवराच्या उत्तरेकडील खडकाळ उतारावर उतरले होते.

एक आग्रहाची सूचना : शुद्ध नवमी-दशमीलाही दुर्बीण अवश्य लावा. तेव्हा तेथे नुकताच सूर्य उगवलेला असतो, पट्टे फिके पडतात, पण डोंगराची लांब सावली तळावर स्पष्ट पडलेली दिसते.