उभी राहिलेली पिकअप: सेल्फ मारायच्या आधी काय काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिझेल पिकअप ४ वर्षं उघड्यावर उभी आहे. इंजिन अडीच लिटरचं, ४ सिलिंडर, जुन्या पद्धतीचा डिझेल पंप, केबल ओढून बंद होणारं. नवी बॅटरी आणून ठेवली आहे. तर सेल्फ मारून बघावा, की आधी हौद्याचा पत्रा आणि रंग उरकून घ्यावा?

दोन्ही नको. बॅटरी अजून जोडूच नका. आधी चॅसी, मग ब्रेक, मग डिझेल, मग इंजिन. रंग सगळ्यात शेवटी.

चॅसी आधी, कारण ती गेली असेल तर बाकीची मेहनत वाया. पाणी आणि चिखल साचतो तिथे बघा: मागच्या पाट्यांचे (पात्यांच्या स्प्रिंगचे) हँगर आणि शॅकल म्हणजे पाटे चॅसीला जोडणारे ब्रॅकेट आणि झुलत्या कड्या, मागच्या ॲक्सलच्या वर चॅसी वाकवलेली असते तो भाग, केबिनमागचा आडवा मेंबर आणि केबिन ज्या रबरांवर बसते त्यांचे ब्रॅकेट. खरवडा, धुवा, वाळू द्या आणि लहान हातोडीने वीत-वीत अंतरावर ठोकत जा. धड लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं तिथे स्क्रूड्रायव्हर जोर लावून टोचा. आत शिरला तर तिथे फक्त गंज आणि जुना रंग उरला आहे. अशा जागी वरून पट्टी मारून भागत नाही. धड लोखंड लागेपर्यंत कापावं लागतं, आणि हे काम चॅसीचं वेल्डिंग नेहमी करणाऱ्याकडेच द्या. जोडपट्टीची टोकं तिरकी कापायला सांगा. सरळ उभ्या वेल्डच्या रेषेवर ताण एकवटतो आणि चॅसी पुन्हा तिथेच तडकते.

तिथे वाकलाच आहात तर पाटे बघून घ्या. तडकलेलं पातं दिसतं, पण पाती एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट तुटलेला असेल तर चटकन लक्षात येत नाही. दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून ॲक्सलपर्यंतचं अंतर मोजा. फरक आला तर ॲक्सल सरकला आहे. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट एकदा सोडले की जुने पुन्हा वापरू नका, आणि नवे घातल्यावर १००-२०० किलोमीटरनंतर परत आवळा.

गाडी उचलताना एक गोष्ट विसरू नका: हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. मागची चाकं उचलली की तो काहीही धरत नाही, त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. स्टँड हवेतच.

आता ब्रेक. इथे घाई करू नका. ड्रम निघत नसेल तर आधी ॲडजस्टर (लायनर ड्रमच्या जवळ-लांब करणारा स्क्रू) सैल करा, ड्रमच्या कडेला हलके ठोके द्या. ड्रमवर आटे असलेली दोन भोकं असतील तर त्यात बोल्ट आळीपाळीने आवळत जा, ड्रम ओढून बाहेर येतो. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याने भिजवून पुसून घ्या. व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून बघा. आत ओल किंवा गंज असेल तर सिलिंडर बदला. खड्डे पडलेल्या सिलिंडरला नवे रबर कप घालून काही दिवस चालतं, मग लोड भरलेला असताना गळतं. ब्रेकचे लोखंडी पाइप क्लिपांच्या खाली कुजतात, म्हणून क्लिप काढूनच तपासा.

ब्रेक ऑइल सगळं नवं. ते हवेतली ओल शोषतं: डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल मुरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते. घाटात ब्रेक तापले की पेडल स्पंजासारखं होतं ते यामुळेच. डबी कमी पडली म्हणून इंजिन ऑइल अजिबात घालू नका, सगळी रबरं फुगतात.

ब्रेकच्या पाइपांतली एअर काढताना दोन ठिकाणी चूक होते. पहिली, पेडल तळापर्यंत दाबणं. पेडलने दाबला जाणारा मास्टर सिलिंडर जुना असेल तर त्याचा पुढचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो, तिथे गंज असतो आणि पिस्टन तिथवर गेला की त्यावरचे रबरी वॉशर फाटतात. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. दुसरी चूक खास पिकअपमध्ये होते. मागच्या ॲक्सलजवळ दांडी लावलेला एक व्हॉल्व्ह असतो. हौदा रिकामा की तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो, भार आला की वाढवतो. चॅसीखाली स्टँड देऊन ॲक्सल लोंबकळत ठेवला तर हा व्हॉल्व्ह मागचा दाब दाबून धरतो आणि कितीही पंपिंग केलं तरी मागची एअर नीट निघत नाही. स्टँड ॲक्सलखाली द्या. दांडी हाताने हलते ना तेही बघा. ती जाम असेल तर रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होतात किंवा भरलेली गाडी थांबत नाही.

डिझेलकडे या. ४ वर्षांचं डिझेल सगळं काढून टाका, नव्यात मिसळून वापरायचा मोह नको. टाकीच्या तळाशी पाणी बसतं आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढून काळा, बुळबुळीत गाळ होतो. टाकी उतरवून धुतली तर उत्तम, निदान फ्लोटचं (डिझेलची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या भागाचं) झाकण काढून आत टॉर्च मारा. आतली जाळी साफ करा, फिल्टर नवे घाला, आणि टाकीपासून पंपापर्यंतचे रबरी पाइप, नोझलवरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांवरच्या) रिटर्न पाइपांसकट, बदलून टाका. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हा भाग ओढणारा असतो. तिथे चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. इंजिन लागतं, थोडं चालतं आणि मरतं. हाताने पंप मारला की पुन्हा लागतं. असं झालं तर पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडा, बुडबुडे दिसतील.

इंजिन आता हाताने फिरवायचं. त्याआधी एअर फिल्टरचा डबा उघडा, त्यात उंदरांचं घरटं असू शकतं. ऑइल चेंबरचा नट जरासा सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे आत पाणी असेल तर पहिल्या थेंबांतच कळतं. मग ऑइल आणि फिल्टर बदला. टायमिंग बेल्ट असेल तर तो दिसायला चांगला असला तरी नवा घाला. हीटर प्लग (थंड इंजिन लागावं म्हणून तापणारे) काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर ऑइल सोडा आणि एक दिवस राहू द्या. जास्त ओतू नका. तुमच्या इंजिनात एका सिलिंडरला ६२५ घनसेंटिमीटर जागा आहे. कॉम्प्रेशन २१ ला १ धरलं तर पिस्टन वर आल्यावर फक्त ३१ उरतात. द्रव दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून, इंजिन फिरतं त्याच दिशेने, पूर्ण २ फेरे द्या. अडलं तर जोर करू नका. आणखी मुरू द्या.

आता बॅटरी जोडा. पण इंजिन ते चॅसी अर्थिंगची पट्टी आधी खरवडून घट्ट करा. ती तुटलेली असेल तर सेल्फचा करंट क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते. स्टॉप केबल ओढून धरा आणि प्लग बाहेरच असताना १०-१५ सेकंदांचे झटके द्या, मध्ये मिनिटभर थांबत, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. प्लगच्या भोकांसमोर कोणी उभं राहू नये.

प्लग बसवल्यावर फिल्टरवरचा आणि पंपावरचा एअर स्क्रू सोडून हातपंपाने हवा काढा. मग नोझलकडचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा. पंपाच्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठा. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या इंजिनात नट सोडण्याचा हा प्रकार करू नये.

पहिल्या स्टार्टच्या आधी पंपाची स्टॉप दांडी सहज पुढे-मागे होते ना, ते हाताने बघा. बराच काळ उभ्या पंपात रॅक, म्हणजे डिझेल किती जायचं ते ठरवणारी आतली दांडी, पूर्ण डिझेलच्या जागी जाम झालेला असू शकतो. इंजिन लागताच सुसाट सुटतं, आणि चावी फिरवून किंवा केबल ओढून बंद होत नाही. म्हणून एअर फिल्टरचा पाइप काढून ठेवा आणि इनटेकच्या तोंडापेक्षा मोठी जाड फळी घेऊन एका माणसाला तिथे उभं करा. सुटलं तर फळी तोंडावर दाबून धरायची. हात लावायचा नाही.

लागल्यावर १० सेकंदांत ऑइलचा दिवा विझला पाहिजे, नाहीतर बंद करा. सुरुवातीचा पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही तो येत राहिला आणि कूलंट कमी होत गेलं तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधलं पॅकिंग) संशयित. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल, आणि ४ वर्षांत ती चिकटतेच म्हणा ना, तर इंजिन गरम करून बंद करा, टॉप गिअर टाका, ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबून सेल्फचा छोटा झटका द्या. समोर मोकळी जागा हवी.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल बदलताना वरचा, भरायचा नट आधी उघडा. तो निघालाच नाही आणि खालचं ऑइल सांडून बसलं तर गाडी तिथेच अडकते. मागच्या ॲक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं छोटं तोंड) मातीने बुजला असेल तर दाबामुळे ऑइल सील गळतात आणि तुमचे नवे लायनर ऑइलने भिजतात. तारेने मोकळा करा.

टायरवर कडेला शेवटचे ४ आकडे बघा: २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. १० वर्षं उलटलेले टायर नक्षी पूर्ण असली तरी टाकून द्या, आणि नवे घेताना कारचे नव्हे, भार वाहणारेच घ्या.

पत्र्याचं काम गाडी शे-दोनशे किलोमीटर विनाकटकट चालल्यावर. गंज पूर्ण घासून, इपॉक्सी प्रायमर मारून मग पुट्टी, तीही २-३ मिलिमीटरच्या आत. गंजावर थेट लावलेली पुट्टी एका पावसाळ्यात फुगते. दरवाजांच्या खालच्या कडेची आणि हौद्याच्या कोपऱ्यांतली पाणी जायची भोकं रंगाने बुजू देऊ नका.